दुखणं तुझं, नाडी दादाची

वहिनी,

तुझ्या तेरवीला बाया काय बोलत होत्या ते आधी सांगते. तू असतीस तर पदर तोंडाशी धरून हसली असतीस. मला हसू आलं नाही.

पंगत उठल्यावर शेजारची सरूबाई ओसरीवर पाय पसरून बसली आणि म्हणाली, "शेवटी उचलून नेली थे सोडा. नाई तं आपल्या पायानं कधी दवाखान्याची पायरी चढली नाई गिरजा. अशी बाई आता पाहाले भेटनार नाई."

"सोशिक होती," दुसरी म्हणाली.

"आन् गेली बी कशी? अहेव गेली. नवऱ्याच्या अगुदर, हिरवं लुगडं नेसून, कपाळभर कुकू घिऊन. नशीब लागते बाई तसं."

सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या मायनं, तुझ्या सासूनं, तर हातच जोडले, जणू तू काही पराक्रम करून गेलीस. आणि त्याच वेळी तुझी मंदा पाण्याची घागर घेऊन उंबरा ओलांडता ओलांडता खाली बसली. पडली नाही, बसली. घागर आडवी झाली, पाणी सरूबाईच्या पायांपर्यंत गेलं. पोरीचे ओठ पांढरे, कानाच्या पाळ्या पांढऱ्या, नखं चुना लावल्यासारखी.

"मायची आठवन आली पोरीले," सरूबाई पाय वर घेत म्हणाली.

आठवण! तुझी पोरगी वर्षभर चुलीमागची भाजलेली माती खरवडून खाते आहे. महिन्यातले निम्मे दिवस तिच्या अंगावरून जातं. घरातल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे. आणि तुझा नवरा, माझा सख्खा दादा, खांबाला टेकून उभा होता. तो काय म्हणाला? तुझ्या वेळी म्हणत आला तेच.

"परवा बाजारासाठी जातोच हाव मी आदिलाबादले. डॉक्टरले सांगून येतो."

सांगून येतो. मंदाचं दुखणं सांगून येतो. मंदा घरी राहील, भाकरी थापील आणि बाप येईपर्यंत वाट बघील.

तुझी राख पैनगंगेत सोडून आलो त्याला फार दिवस झाले नाहीत, आणि तेच वाक्य त्याच ओसरीवर, त्याच खांबाशी. म्हणून हे लिहिते आहे. मला श्रद्धांजली वाहायची नाही. मला भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं आहे आणि ते अर्धं टाकून तू निघून गेलीस.

आपल्या या सीमेवरच्या गावांबाहेर ही रीत सांगितली तर कोणाला खरी वाटत नाही. नागपूरला मी ज्या छापखान्यात प्रुफं तपासते तिथल्या कंपोझिटरला सांगितली, तर तो म्हणाला, "चेष्टा करता का?" चेष्टा नाही. बाई आजारी पडली की आपल्याकडं पुरुष डॉक्टरकडं जातो. बाईला घेऊन नाही. बाईचं दुखणं घेऊन. डॉक्टरसमोर बसून तिचं दुखणं सांगतो, गोळ्या घेतो, पिशवीत मिरच्या आणि गूळ घेतो आणि बसनं परत येतो. बाई गोळ्या खाते. गुण आला तर देवाची कृपा, नाही आला तर पुढच्या बाजाराला पुन्हा सांगून येतो.

प्रत्येकाकडं याचं कारण आहे आणि प्रत्येक कारण चोख आहे. डॉक्टर तेलुगू, बाईला मराठीशिवाय काही येत नाही. पुरुषाला हिंदी येते, मोडकी तेलुगू येते. पुरुष बाजाराला जाणारच असतो. बाई गेली तर स्वयंपाक कोण करणार, कापूस कोण वेचणार? इतकी शहाणी कारणं एका जागी जमली की समजावं, खाली काहीतरी गाडलं आहे.

पाखऱ्या बैलाच्या खुराला किडे पडले तेव्हा दादानं काय केलं होतं? बैल घरी ठेवून "सांगून येतो" म्हणाला होता? नाही. पाखऱ्याला शेताच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं, हळूहळू चालवत, सावलीत थांबवत, ढोरांच्या दवाखान्यापर्यंत नेलं होतं. कारण ढोरांचा डॉक्टर म्हणतो, जनावर दाखवा. बाईचा डॉक्टर तेवढंही म्हणत नाही.

तुझं दुखणं कसं गेलं ते मी पाहिलं आहे. कापसाची दुसरी वेचणी चालू होती. तुला मधेच अंगावरून जायला लागलं, पाळी नसताना, आणि कंबर मोडल्यासारखी दुखायची. कमरेला कापसाची झोळी बांधली की ओटीपोटात कळ उठायची. हे तू मायला सांगितलंस, तेही शेण सारवताना, तिच्याकडं न बघता. मायनं दादाला सांगितलं, "गिरजीले बरं नाई, बायाइचं दुखनं हाय." दादानं डॉक्टरला सांगितलं, "बायको को कमजोरी है." आणि डॉक्टरनं औषधवाल्याला चिठ्ठी लिहिली ती ताकदीच्या बाटलीची. रक्त तुझ्या पायांवरून निघालं, मायच्या तोंडात त्याचं दुखणं झालं, दादाच्या तोंडात कमजोरी झाली आणि डॉक्टरच्या हातून ते गोड चवीचं तांबडं पाणी होऊन घरी आलं.

त्या बाटलीवरून तू किती हसवलं होतंस आम्हाला! दिवाळीला मी घरी आले होते. तू चुलीसमोर बसून सांगत होतीस.

"अवं शकू, माहं बीपी एकदम बरं हाय म्हने."

"तू कधी गेली दाखवाले?"

"मी कायले जाऊ? तुह्या दादाचं पाह्यलं ना डॉक्टरनं! हे गेले, स्टूलावर बसले, त्यानं दंडाले पट्टा बांधला, फुस्स फुस्स केलं. म्हने सब ठीक. हे बी हाव म्हनले. आता दंड त्याइचा, गोळ्या माह्या. माहं बीपी बिघडन कसं?"

तू इतकी हसलीस की भाकरी जळली. दादाही हसला, लाजून. मायही हसली. मीसुद्धा हसले. आणि हसणं संपल्यावर तू पाटावरून उठलीस, तेव्हा भिंतीला हात धरून उठलीस. ते मी पाहिलं, तू मला पाहताना पाहिलंस आणि डोळ्यांनी दटावलंस.

तुझं हसणं ही या घराची सगळ्यात मोठी सोय होती. तू हसलीस की प्रश्न मिटायचा. आज मला त्या हसण्याचाच राग येतो.

मी तुझ्याविरुद्ध लिहिते आहे असं कोणी म्हणेल. म्हणू दे. पण तुझं माझ्यावर काय ऋण आहे, तेही याच कागदावर आलं पाहिजे.

तू या घरात आलीस तेव्हा मी फ्रॉकमधली पोरगी होते. मराठी शाळा गावात चौथीपर्यंत. पुढची तेलुगूतली, आणि तीही चालत जायची. माय म्हणाली, पुरे झालं. बापूंच्या, तुझ्या सासऱ्यांच्या, तोंडी क्रांती होती, पण पोरीला एवढ्या लांब पाठवायची म्हटल्यावर तेही विडी शोधायला लागले. तेव्हा तू, नवी सून, डोक्यावर पदर, भाकरी वाढता वाढता म्हणालीस, "मी पहाटं उठून तिच्या वाटचं काम करतो. जाऊ द्या तिले." सून सासऱ्यासमोर बोलली म्हणून माय आठवडाभर तुझ्याशी बोलली नाही. मी शाळेत गेले. मला आज तेलुगू वाचता येते, मराठी लिहिता येते, मला चारचौघांत ओरडता येतं, ते तुझ्या पहाटेच्या जोरावर.

आणि तू माझ्या थाळीत भाजीतली वांगी वेचून घालायचीस. तुला वांगी आवडायची हे मला तुझ्या माहेरी गेल्यावर कळलं. आपल्याकडं तू सगळ्यांत शेवटी जेवायचीस, आणि शेवटच्या भाकरीसोबत फक्त रस्सा उरायचा. बापू तिथंच बसून समान वाटपावर बोलायचे.

बापूंची ती पत्रकं. मी त्यांच्यावरच वाढले. नदीपलीकडून, यवतमाळच्या बाजूनं, सभांमधून ते गठ्ठे आणायचे. पिवळा, गुलाबी कागद, हाताला शाई लागायची. मी मोठ्यानं वाचायची आणि तू ऐकायचीस. तुला वाचता येत नव्हतं, पण मतं होती.

"कागद मस्त हाय वं," तू म्हणायचीस. "वडे घातले त चिकटत नाई."

मुगाचे वडे तू पत्रकांवर वाळत घालायचीस. अंगणभर "संघटित व्हा" आणि त्यावर तुझे वडे. बापूंना राग यायचा. तू म्हणायचीस, "मामंजी, तुमचे संघटित होऊन राह्यले तवरोक माहे वडे वाळून जातीन."

एक दिवस मी स्त्री-पुरुष समानतेचं पत्रक वाचून दाखवलं. शिक्षण, मजुरी, मालकी, सगळं होतं त्यात. तू शेवटपर्यंत ऐकलंस. मग म्हणालीस, "यात सारं हाय. बाईच्या आंगावरून जाते, थ्याचं काऊन नाई?"

मी म्हणाले, "ते पत्रकात कसं लिहितील?"

"काऊन? थे कोनाले होत नाई का? लिवनाऱ्याच्या मायले होत नाई?"

पुढं मी हा प्रश्न आमच्या संघटनेच्या एका बैठकीत मांडला. सगळे भाऊ होते, सगळे समतावादी. एकानं चष्मा पुसला. एकानं विचारलं की हा विषय आपल्या कार्यक्रमात कुठं बसतो. तिसऱ्यानं मला समजावलं की मूळ प्रश्न सुटला की हे लहान प्रश्न आपोआप सुटतात. मी त्याला विचारलं, "भाऊ, तुम्हाला मागच्या महिन्यात कावीळ झाली तेव्हा तुम्ही मूळ प्रश्न सुटेपर्यंत थांबलात का?" त्यानंतर त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं. ठीक आहे. हे पत्र मी छापून काढणार आहे, त्यालाही मिळेल. ज्या चळवळीला बाईचं पोट लहान प्रश्न वाटतं, तिच्या पत्रकांचा खरा उपयोग तुलाच कळला होता.

आणि सरकार? सरकारला तुझं पोट आठवलं होतं. एकदाच. गावातल्या शाळेत कॅम्प लागला, नर्सबाई घरोघर फिरली आणि विचारत सुटली, "ऑपरेशन झालं का? ऑपरेशन झालं का?" पुरुषाचं ऑपरेशन सोपं, चिमूटभर, दुसऱ्या दिवशी माणूस हिंडतो, हे तिनंच सांगितलं. दादा उठून गोठ्यात गेला. तिथून म्हणाला, "मंग नांगर कोन धरन?" मग तू गेलीस. वर्गाच्या फरशीवर सतरंज्या टाकल्या होत्या, बाया ओळीनं निजवल्या होत्या, फळ्यावर अजून बाराखडी होती. टाके सुकायच्या आत तू कापसात उभी होतीस. तेव्हा डॉक्टरचा हात तुला लागला, आणि त्यानं तुला एवढंही विचारलं नाही की बाई, आणखी काही होतं का तुला? त्याला जे बांधायचं होतं ते त्यानं बांधलं आणि पुढच्या बाईकडं सरकला.

आता ती गोष्ट, जिच्यावरून आपण शेवटचं भांडलो.

दादाला मुतखडा झाला. तो शेतात लोळला आणि सारं गाव धावलं. कोणी जीप आणली, कोणी पुढं जाऊन फोन केला. दादाला नागपूरला नेलं. "सांगून येतो" असं कोणी म्हणालं नाही. दादा खाटेवर, सलाईन लावलेला, आणि तू खाटेखाली. नातेवाइकांनी तिथंच पथारी टाकायची असा तिथला रिवाज. मी डबा घेऊन यायची. डॉक्टर सकाळी यायचे, संध्याकाळी यायचे, मागं शिकाऊ पोरांची रांग. दादाची जीभ बघायचे, पोट दाबायचे, विचारायचे, "लघवीला जळजळ? रात्री झोप लागली?" त्यांचे बूट तुझ्या उशीपासून वीतभर अंतरावर असायचे. आणि तू तिथं, खाली, घडी घातलेल्या लुगड्याच्या तुकड्यावर बसून, रक्त जात असताना, दादासाठी मोसंबी सोलत होतीस.

मी वाकून म्हणाले, "वैनी, डॉक्टर येथंच हाय. आता सांग. आताच सांग."

"गप बैस. तुह्या दादाचं होऊ दे अगुदर."

"दादाचं झालं. उद्या सुट्टी देऊन राह्यले."

"मंग घरी जाऊन पाहू."

"घरी कोण डॉक्टर हाय?"

"शकू, तू हळू बोल. लोकं आयकून राह्यले."

मी हळू बोलले नाही. डॉक्टर वळून बघायला लागले. तू पदर ओढून घेतलास, पिशवी उचललीस आणि नळावर गेलीस. डॉक्टरांची रांग पुढच्या खाटेकडं गेली. तू तेव्हा लाजेनं गेलीस असं मी बरेच दिवस समजत होते. आता वाटतं, तू हिशेबानं गेलीस. तुला माहीत होतं की या घरात एकाच आजाराला जागा आहे आणि ती जागा दादाची आहे.

त्यानंतर दोनदा मी तुला न्यायला आले. एकदा तू म्हणालीस, पहिली वेचणी होऊ दे. दुसऱ्यांदा तू शेतातून परत आलीच नाहीस, मी बस जाईपर्यंत वाट पाहिली आणि तू कापसाच्या ओळीत बसून राहिलीस. मंदाकडून निरोप धाडलास: "आत्याले सांग, तुहे बाबा आताच डॉक्टरले सांगून आले, बरं वाटून राह्यलं मले." बरं वाटून राह्यलं! मंदा निरोप सांगताना माझ्याकडं बघत नव्हती. तिला खोटं कळत होतं. तू तिला खोटं वाहायला शिकवत होतीस, वहिनी. मायनं तुला शिकवलं, तसंच. याचा मला जो राग आहे, तो तुझ्या जाण्यानं कमी झालेला नाही.

मग वास यायला लागला. तू वेगळी बसायला लागलीस, कोणी न सांगता. तुझ्या घड्या तू दुसऱ्या लुगड्याखाली झाकून वाळवायचीस, ऊन न लागता. शेवटी तू मोरीत पडलीस तेव्हा तुला उचलून आदिलाबादला नेलं. तिथल्या बाईडॉक्टरनं पहिल्यांदा तुला तपासलं. तिनं हातमोजे काढले, आमच्याकडं बघितलं आणि हिंदीत विचारलं, "इतने दिन कहाँ थे आप लोग?"

दादा म्हणाला, "दवा चालूच थी, मॅडम. एक बी टाइम नागा नहीं किया."

आणि तो खरं बोलत होता! हेच मला सहन होत नाही. त्यानं खरंच एकही वेळ चुकवली नाही. प्रत्येक बाजाराला त्यानं गोळ्या आणल्या, उन्हात उभं राहून आणल्या, बाटली फुटू नये म्हणून धोतरात गुंडाळून आणल्या. दुष्ट असता तर बरं झालं असतं. मला भांडायला सोपं गेलं असतं. नागपूरला पाठवलं तोवर गर्भाशयाच्या तोंडाचा तो रोग सगळीकडं पसरला होता. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. चैत्रात तू गेलीस. मळवट भरला, ओटी भरली, हिरव्या बांगड्या भरल्या. जिवंतपणी तुझ्या पोटाकडं कोणी पाहिलं नाही, मेल्यावर त्यावर नारळ ठेवला. आणि बाया म्हणाल्या, नशीब.

नवरा मागं राहिला म्हणजे बाईचं नशीब. बायको मागं राहिली म्हणजे बाईचं पाप. ज्या समाजात बाईनं आधी मरणं हा मान आहे, तिथं तिला दवाखान्यात नेण्याची घाई कोणाला असेल?

तर तेरवीच्या त्या ओसरीवर परत येते. दादा म्हणाला, डॉक्टरले सांगून येतो. मी म्हणाले, "नाही. मंदाले न्याचं."

माय उठली. "पोरीचं लगन व्हाचं हाय. दवाखान्यात बसलेली कोनी पाह्यली तं काय म्हन्तीन? काई तरी भानगड असंन."

"लगन व्हाच्या अगुदर मेली तं कोनासंगं लावशीन?"

"शकू! तोंड सांभाळ. सुतक फिटून राह्यलं अजून."

"मी नेते तिले. उद्या."

दादा पहिल्यांदा चिडला. "तुह्यासंगं पोरगी धाडू? तू बसमधी चढशीन आन् अख्ख्या बसले भाषन देशीन." मग त्याचा आवाज फुटला. "मी काय तिच्या मायले मारलं काय शकू? सांग नं. मारलं काय म्या?"

त्याला नाही म्हणून सांगावं, एवढी दया माझ्यात नव्हती, आणि हो म्हणण्याएवढं ते सोपं नव्हतं. मी मंदाकडं पाहिलं. ती ओलं लुगडं पिळत होती. "येशीन का माह्यासंगं?" मी विचारलं. तिनं मान हलवली. कोणत्या बाजूला, ते नीट कळलं नाही. दादा म्हणाला, "मी बी येतो."

काल आम्ही तिघं गेलो. मंदा खिडकीशी बसली. मी भाषण दिलं नाही. बाईडॉक्टरच्या दवाखान्यात बाकावर बसलो. सगळीकडं बाया, आणि जवळपास प्रत्येकीसोबत तिच्या वतीनं बोलायला आलेला एक पुरुष. मी मनात तेलुगूतली वाक्यं जुळवत होते. पोरीच्या तोंडून शब्द निघणार नाही हे मला माहीत होतं. मी सगळं सांगणार होते, माती खाण्यापासून, तुझ्यापर्यंत. काही सुटणार नव्हतं.

नाव पुकारलं. आम्ही आत गेलो. डॉक्टरच्या टेबलाशेजारी एक स्टूल होतं, आणि दादा गेला तो सरळ त्या स्टूलावर बसला. विचार करून नाही. इतकी वर्षं बसत आला तसाच बसला. बाही वर सरकवली. मंदा त्याच्यामागं उभी.

डॉक्टरनं विचारलं, "क्या तकलीफ है?"

"कमजोरी..." दादा म्हणाला.

"अम्मा," मी तेलुगूत सुरुवात केली, "या मुलीला..."

"बाबा, उठा," मंदा म्हणाली.

दादानं मागं पाहिलं.

"उठा नं बाबा. थे स्टूल माह्यं हाय."

तो उठला. त्याला कुठं उभं राहावं कळेना, तो वजनकाट्यावर उभा राहिला. मंदा बसली. दोन्ही हात मांडीत घट्ट धरले. मी पुन्हा तोंड उघडलं तर तिनं माझ्याकडंही पाहिलं.

"आत्या, तुमी बी भायेर बसा."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं आणि आम्हा दोघांना हातानं दार दाखवलं. पडदा पडता पडता मंदाचा पहिला शब्द ऐकू आला. शाळेत शिकलेल्या तेलुगूत. "नाकु," म्हणजे मला.

मी आणि दादा बाकावर शेजारी शेजारी बसलो. त्याची बाही अजून वरच होती.

"काय सांगून राह्यली असंन वं थे येवढं?" त्यानं विचारलं.

"तिलेच माहीत."

"तुले बी नाई सांगतलं?"

"नाई."

डॉक्टरला काय सापडेल ते मला ठाऊक नाही. रक्त तपासायला दिलं आहे, आणखी बोलावलं आहे. माझी भीती गेलेली नाही आणि रागही गेलेला नाही, तुझ्यावरचा धरून. पण काल तू तिथं असायला हवी होतीस, त्या बाकावर. पडद्याआडून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मधेच डॉक्टरचा प्रश्न, मग पुन्हा ती. नंबर लावून बसलेल्या बाया घड्याळाकडं बघायला लागल्या. दारावरचा माणूस दोनदा पडद्यापाशी जाऊन परत आला. एका बाईच्या नवऱ्यानं वैतागून विचारलं, आत कोण आहे, इतका वेळ?

दादा म्हणाला, "माही पोरगी हाय. बोलू द्या तिले."

आणि ती बोलत होती, वहिनी. बोलतच होती.